उष्णता नव्हती ती

भाऊबीजेला ओवाळून झालं की मी भावाला अर्धा लाडू भरवते आणि उरलेला अर्धा तो मला भरवतो, लहानपणापासूनचं आहे हे. त्या वर्षी आईनं बेसनाचे वळले होते, जरा मोठेच. मी लाडू त्याच्या तोंडापाशी नेला, म्हणलं आ कर की, तर तो म्हणाला, "केलंय की ताई."

म्हणजे तोंड उघडलेलं होतं. तेवढंच उघडत होतं. लाडू वरच्या दाताला अडला आणि चुरा त्याच्या नव्या शर्टावर पडला, आणि तो पटकन हसून "राहू दे, हातात दे" म्हणाला आणि चिमटीनं तुकडे करून खायला लागला. त्या तुकडे करण्याची सवय इतकी मुरलेली दिसली की माझ्या लक्षात आलं हे आजचं नाही, हा कितीतरी दिवस असंच खातोय, आमच्या समोर बसून खातोय, आणि आम्ही बघितलंच नाही.

बघितलं नाही असं पण नाही. बघितलं होतं, पण त्याला नाव चुकीचं दिलं होतं. आम्ही त्याला उष्णता म्हणत होतो.

सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. एप्रिल लागला की पारा ४३-४४ ला, पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, आणि मग कुणाचं तोंड आलं, कुणाच्या डोळ्यांची आग झाली, कुणाला लघवीला जळजळ झाली की एकच उत्तर, उष्णता झालीय. सब्जा भिजवून पी, गुलकंद खा, जिऱ्याचं पाणी घे, रात्री तळपायाला खोबरेल तेल लाव. भावाला त्याच्या आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा जळजळ सुरू झाली. जेवताना शेंगाचटणी लागली की डोळ्यात पाणी यायचं त्याच्या. आता हा पोरगा असा की कडक भाकरी चुरून आमटीत कालवायची, वर उखळात कुटलेली तेल सुटलेली शेंगाचटणी मूठभर, आणि कच्चा कांदा, याच्यावर वाढलेला. तो चटणीत दही घालायला लागला. मग चटणी सोडली. मग आमटीत तिखट कमी कर म्हणायला लागला. आईनं सब्जा दिला, मी गुलकंदाची बरणी आणून दिली. पाऊस पडला तरी जळजळ तशीच, थंडी पडली तरी तशीच, आणि तरी घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही की अरे उष्णता जानेवारीत कशी असेल, गड्ड्याच्या जत्रेत स्वेटर घालून फिरणाऱ्या माणसाला उष्णता कशी होईल. दीड वर्ष गेलं त्यात. हे मला आजही खुपतं.

मधे एकदा तो आमच्या भागातल्या एका दवाखान्यात गेला पण होता. तिथं टॉर्चसुद्धा न लावता बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायची जेल लिहून दिली, तीन वेळा गेला, तिन्ही वेळा तेच. कुणी विचारलं नाही की बाबा खातोस काय. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं का हे पण आहेच, पण विचारायला तर पाहिजे होतं ना.

तर भाऊबीजेनंतरच्या सोमवारी त्याला बळंच घेऊन गेले, सिव्हिलच्या दंत विभागात. तिथल्या मॅडमनी सगळ्यात आधी सांगितलं, तुमचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. तर्जनी, मधलं आणि अनामिका एकावर एक, वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे. निरोगी माणसाची तीन बोटं साधारण जातात. त्याची दोन कशीबशी गेली, दुसरं तर दाबून. मग त्यांनी पट्टीनं मोजलं, बावीस मिलिमीटर. मोठ्या माणसाचं साधारण ३५ ते ५० उघडतं म्हणाल्या. मग जीभ बाहेर काढायला लावली, ती खालच्या ओठाच्या पुढं जाईना. गाल फुगव म्हणाल्या तर गाल फुगेना, चेहरा नुसता ताणला जायचा. मग हातमोजा घालून गालाच्या आतून बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या तुम्ही पण बघा, मोबाईलचा टॉर्च लावा.

मी माझ्या भावाच्या तोंडात पहिल्यांदा बघत होते. गालाची आतली बाजू गुलाबी असते ना, ओलसर, तशी नव्हतीच. पांढुरकी, निस्तेज, मधे मधे ठिपके ठिपके. आणि वरून खाली असे उभे पट्टे, कातडीखालून दोऱ्या ओढून बांधल्यासारखे. मला काय आठवलं सांगू, लूमवरचा, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावरचा ताणा, ते ताणून बसवलेले उभे दोरे. भाऊ जिथं काम करतो तिथं मी डबा द्यायला गेलेय कितीदा तरी, बीमवरून येणारे ताण्याचे दोरे बोटाला कसे टणक लागतात ते माहितीय मला. तसंच होतं ते. घशातली पडजीभ पण आखडून बारीक झालेली.

मॅडमनी कागदावर लिहून दिलं, ओरल सबम्युकस फायब्रोसिस. आणि मग मान वर न करता विचारलं, "मावा किती वर्षं?"

तो माझ्याकडं बघून गप्प बसला. मग म्हणाला, "अकरा."

एकोणिसाव्या वर्षी लूमवर लागला, बारा तासाची पाळी, आठवड्याआड रात्रपाळी. रात्री दोन-तीनला डोळा लागला आणि दोरा तुटलेला कळला नाही की कापडात दोष राहतो, त्याची कटती पगारातून. तर जागं राहायला मावा. टपरीवर सुपारीची कतरण, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून चोळून चोळून गरम करतात आणि रबर लावून देतात, ती पुडी गालात धरली की दोन-तीन तास निघतात. आधी रात्रपाळीला एक, मग दिवसा पण, मग दिवसाला सहा-सात. घरी यायच्या आधी चूळ भरून वेलदोडा चावून यायचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा समोर चोळून देतात, त्याला कंपनी नाही, पाकीट नाही, त्यावर धोक्याचं चित्र पण नाही.

मला तोवर वाटायचं सगळा दोष तंबाखूचा. नाही हो. हा जो तोंड आखडण्याचा आजार आहे त्याचं मूळ सुपारी आहे. तंबाखू न घालता नुसती सुपारी खाणाऱ्यांना पण हा होतो. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं, ते गालाच्या कातडीखालच्या पेशींना जास्त कोलॅजन तयार करायला लावतं, कोलॅजन म्हणजे शरीरातला धागाच समजा, आणि सुपारीतलं तांबं आणि टॅनिन त्या धाग्याला इतकं चिवट करतं की शरीर एरवी जुना धागा मोडून टाकतं तसा हा मोडत नाही. साठत जातो. मऊ, ताणला जाणारा गाल हळूहळू चामड्यासारखा होतो. आणि जळजळ का, तर वरची कातडी पातळ पडते, मग साधं तिखट पण लागतं. म्हणजे आमची शेंगाचटणी दीड वर्ष आधीपासून सांगत होती.

डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्ये आपल्याकडं या आजारावर लिहिलंय. सत्तर वर्षं होऊन गेली. आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं सुपारीला, नुसत्या सुपारीला, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखू ज्या गटात आहे त्याच. तरी लग्नाच्या पंगतीनंतर बडीशेपेच्या ताटात गोड रंगीत सुपारी असते आणि सगळ्यात आधी लहान पोरं मूठ भरतात. पूजेत तांदळावर सुपारी मांडून आपण तिला गणपती म्हणतो, त्याला कुणाची ना नाही, मी पण मांडते. पण पोराच्या हातातली ती गोड सुपारी मी आता काढून घेते, नातेवाईक नाराज झाले तरी.

मी मॅडमना सरळ विचारलं, कॅन्सर आहे का. आज नाही म्हणाल्या. पण हा कॅन्सरच्या आधीच्या आजारांमधला आहे. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ पेशंटवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९८५ मध्ये तो अभ्यास छापून आला, त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. हा आकडा कुणाला लहान वाटेल. ज्याचा भाऊ खुर्चीत बसलाय त्याला वाटत नाही. आणि आपल्या जिल्ह्याला हे लांबचं पण नाही, बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवतात, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती, आपल्याच जिल्ह्यातली.

बाहेर बाकावर नंबरची वाट बघत होतो तेव्हा शेजारी मोहोळकडच्या एक काकू होत्या. त्यांच्या जबड्याखाली एका बाजूला सूज यायची, ती पण फक्त जेवायला बसलं की, आणि तासाभरात उतरायची. घरच्यांनी कुणी दाढ दुखतेय म्हणलं, कुणी गालफुगी म्हणलं, एकानं तर मंत्र घालून घेतला. निघाला काय तर लाळेच्या ग्रंथीच्या नळीत खडा, तांदळाच्या दाण्याएवढा. मूत्रपिंडात होतो तसा लाळेत पण होतो हे मला माहितीच नव्हतं. जेवण समोर आलं की लाळ सुटते, खड्यानं वाट अडवलेली, मग ग्रंथी फुगते. बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात कारण तिथली लाळ घट्ट असते आणि नळी लांब, खालून वर चढणारी. काकू म्हणाल्या, लिंबाचं लोणचं नुसतं बघितलं तरी दुखायचं गं बाई. त्यांचा पण चार महिने वेळ असाच गेला होता, चुकीच्या नावामागं.

आता आईचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती रडली, मावा विकणाऱ्याला शिव्या दिल्या, पोराला बोलली. आणि संध्याकाळी नेहमीसारखी मोरीपाशी बसून डबी उघडून बोटावर मिश्री घेतली. मी बघतच राहिले. चाळीस वर्षं लावतेय ती. पंचवीस वर्षं विड्या वळल्या तिनं, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली पानं ओल्या फडक्यात, हजार विड्या झाल्याशिवाय मान वर नाही. दाढ दुखायला लागली तेव्हा शेजारणीनं मिश्री लाव म्हणलं, दुखणं थांबलं, आणि मिश्री राहिली. दर पंधरा दिवसांनी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, त्या धुरानं आम्ही पोरं खोकत बाहेर पळायचो, मग चुरून वस्त्रगाळ करून डबीत. तिला ती तंबाखू वाटतच नाही. "तंबाखू कुठं गं खाते मी, दात घासते." पण ती दिवसातून पाच वेळा दात घासते, आणि नाही घासले तर डोकं धरतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. याला दात घासणं म्हणत नाहीत ना.

म्हणलं तोंड दाखव. नको म्हणाली, माझं काय दुखत नाही. खालचा ओठ ओढून टॉर्च लावला, तर जिथं ती मिश्री दाबून ठेवते, ओठ आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, तिथं पांढरा सुरकुतलेला चट्टा होता, नखाएवढा, बोटानं पुसला तरी जाईना. त्याच जागी हिरडी खाली सरकून दातांची पिवळी मुळं उघडी पडलेली. आणि दुखत खरंच काही नव्हतं. दुखत नाही म्हणून आपण सगळे निवांत असतो, पण तोंडातले हे जे वाईट बदल आहेत ते सुरुवातीला दुखतच नाहीत.

तिला नेण्यात तीन आठवडे गेले. मॅडम म्हणाल्या तुकडा काढून तपासायला पाठवू, तर आई उठून उभीच राहिली. गल्लीतल्या बायकांनी सांगून ठेवलेलं, सुई लागली की पसरतो, फलाणीचा तुकडा काढला आणि सहा महिन्यात गेली. मॅडमनी शांतपणे खुर्ची जवळ ओढून समजावलं, मावशी, ती तुकड्यानं नाही गेली, ती उशिरा आली होती. पसरायचा असेल तर न तपासता पण पसरतो, तपासला तर कळतं तरी. दोन टाके पडले. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, कातडी जाड झालीय, पेशींमध्ये कॅन्सरकडं जाणारा बदल नाही. त्या दहा दिवसांत आईनं डबीला हात लावला नाही. भीतीनं सोडली, मी मान्य करते, पण सोडली. पहिला आठवडा फार वाईट गेला, भांडी आपटायची, रात्री उठून बसायची. बडीशेप तव्यावर भाजून ठेवली होती मी, ती चघळायची, पोटासाठी रात्री दुधात तूप. पाच महिन्यांनी चट्टा बराच फिकट झालाय, दर तीन महिन्यांनी दाखवायचंच आहे.

भावाचं अवघड आहे. एकदा आखडलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय. आठ आठवडे दर आठवड्याला गालात आतून इंजेक्शनं, सूज कमी करणारं स्टेरॉईड आणि कडक झालेला भाग सैल करणारं हायल्युरोनिडेज, दोन्ही बाजूला. सुई गालात शिरताना तो खुर्चीचा हात असा धरायचा की बोटं पांढरी व्हायची. सोबत लायकोपिनच्या लाल कॅप्सूल, टोमॅटोला लाल रंग देतं ते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्यायाम. त्यासाठी मॅडमनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या सांगितल्या, नवी पेठेतून शाळेच्या हस्तकलेच्या साहित्यात मिळणारं पाकीट आणलं. काड्या एकावर एक रचून दातांच्या मधे धरायच्या, जितक्या मावतील तितक्या, पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि रोज त्यांच्या मधे अजून एक सरकवायचा प्रयत्न करायचा. डोळ्यात पाणी येतं त्याच्या. सुरुवातीला अकरा मावायच्या. आई समोर बसून मोजते, आणि तो काड्या धरून बसलेला असताना त्याला बोलता येत नाही म्हणून तीच बोलत राहते, गल्लीतलं, गावाकडचं, काहीही.

मावा सोडला का? दोनदा परत लागला. पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात, रात्रपाळीला. मी आरडाओरडा केला आणि नंतर वाटलं चुकलं माझं, कारण दुसऱ्या वेळी त्यानं मला सांगितलंच नाही, काड्या कमी व्हायला लागल्या तेव्हा आईला कळलं. मग १८००-११-२३५६ ला फोन लावला, सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाईन आहे, फुकट, मराठीत बोलतात. त्या माणसानं त्याला एकच गोष्ट विचारली म्हणे, नेमकं किती वाजता आठवण येते. अडीच वाजता. मग अडीच वाजता काय करायचं ते ठरवलं, लूमपासून उठून दहा मिनिटं बाहेर, थंड पाण्यानं तोंड धुवायचं आणि लवंग. मालकाशी बोलून मी दोन महिने दिवसपाळी मागून घेतली, मिळाली, याचं श्रेय त्या मालकाला देते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुणी "उष्णता झालीय" म्हणत असेल तर एवढं बघा. नेहमीचं तोंड येणं असतं ना, बारीक गोल पांढरे फोड, लाल कडेचे, चुरचुरणारे, ते आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप बसतं. सारखं सारखं येत असेल तर रक्त तपासा, लोह, बी बारा कमी असतं पुष्कळदा, किंवा एखादा टोकदार तुटका दात गालाला घासत असतो. पण दोन आठवडे उलटले आणि जखम तशीच आहे, पांढरा किंवा लाल चट्टा आहे जो पुसला जात नाही, गाठ लागतेय, दात उगाच हलतोय, तिखटानं रोज जळजळतंय, तोंड कमी उघडतंय, तर सब्जा बाजूला ठेवा आणि दातांच्या डॉक्टरकडं जा. आणि त्यांना खरं सांगा, काय खाता, किती वर्षं. घरी बघायचं असेल तर आरसा आणि मोबाईलचा टॉर्च पुरतो, दोन्ही गाल आतून, ओठ उलटे करून, जीभ वर करून खालची जागा, जिभेच्या दोन्ही कडा. दोन मिनिटांचं काम आहे, आपण पायाची भेग त्याहून जास्त वेळ बघतो.

आषाढी झाली आता. गेल्या रविवारी काड्या पंधरा झाल्या, म्हणजे तीस मिलिमीटरच्या आसपास. भाकरी अजून मऊच खातो, पण परवा बोटाच्या टोकावर शेंगाचटणी घेऊन जिभेला लावली आणि थांबला, पाणी मागितलं नाही.

काल संध्याकाळी त्याच्या लूमवरचा एक पोरगा घरी आलेला, बावीस-तेवीसचा असेल. भाऊ काड्या तोंडात धरून बसलेला बघून आधी हसला. भावानं काड्या काढल्या आणि म्हणाला, "हसतो काय बे, ये इकडं, तीन बोटं घाल बघू तोंडात." पोरानं घातली. दोन गेली, तिसरं जाईना. त्यानं पुन्हा जोर लावून बघितलं, मग हात खाली घेतला आणि शर्टाच्या वरच्या खिशाला नुसता हात लावून बसला, पुडी होती तिथं. म्हणाला, "मला वाटलं उष्णतेनं असेल."

सोमवारी त्याला घेऊन जातोय.